प्रोस्टेट, लेझर आणि वेळेवर घ्यावयाचा निर्णय

(ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



१७ जानेवारी २०२४ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यातून एक निवेदन प्रसिद्ध झाले. राजे तिसरे चार्ल्स यांची प्रोस्टेट ग्रंथी वाढली असून ती वाढ कर्करोगाची नाही आणि त्यासाठी ते रुग्णालयात दाखल होणार आहेत, असे त्यात म्हटले होते. राजघराण्याने एरवी झाकून ठेवली असती अशी ही गोष्ट जाहीर होताच तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या माहितीपृष्ठावर या विकाराविषयी वाचणाऱ्यांची संख्या एका दिवसात अनेक पटींनी वाढली. ज्यांना त्रास होता ते वर्षानुवर्षे गप्प होते; एका पंचाहत्तरीच्या गृहस्थाने तोंड उघडल्यावर त्यांनाही धीर आला.

संकोच हा केवळ आपल्याच समाजाचा दोष आहे असे नाही, एवढाच या घटनेचा बोध. परंतु आपल्याकडे तो अधिक खोल आहे. हृदयाची बायपास झाली की माणूस ती चारचौघांत सांगतो, गुडघ्याचे ऑपरेशन झाले तर एक्स-रे काढून दाखवतो. लघवीचा त्रास मात्र पत्नीलाही सांगत नाही. या मौनाची किंमत अनेकदा मूत्रपिंडांना मोजावी लागते. म्हणूनच या विषयावर मोकळेपणाने बोलणे अगत्याचे आहे.

ग्रंथी कोठे असते, का वाढते?

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून असलेली ही ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅम वजनाची असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती निर्माण करते. मूत्रमार्ग तिच्या मधोमध जातो, आणि सारा प्रश्न या रचनेतून उद्भवतो. चाळिशीनंतर ग्रंथीचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो व मधला मार्ग दाबला जातो. बागेतील पाण्याच्या नळीवर पाय पडावा तसा हा प्रकार असतो. पन्नाशी ओलांडलेल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकते. ऐंशीच्या पुढे तर बहुसंख्यांत असते. प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. ग्रंथी किती मोठी आहे यापेक्षा ती मार्ग किती अडवते, याला महत्त्व आहे.

वाढीचे मूळ पुरुषी संप्रेरकात आहे. टेस्टोस्टेरॉनचे ग्रंथीमध्ये एका अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर होते आणि ते पेशींना वाढण्याची आज्ञा देते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र दोन्ही विकार एकाच वयात, एकाच ग्रंथीत, शेजारी शेजारी असू शकतात. यासाठीच तपासणी हवी.

एका घरातील चित्र

असंख्य घरांत घडणारी ही कथा एकाच घराची आहे असे समजून पाहावी. एक निवृत्त मुख्याध्यापक, वय ६९. पहाटे उठणे, सूर्यनमस्कार, शाखा, मग वाचन असा चाळीस वर्षांचा नेम. जिल्ह्यात प्रवास करणारा, मुक्कामी घरात पंगतीला बसून सर्वांची विचारपूस करणारा कार्यकर्ता. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र त्यांच्यात बदल होऊ लागला. एसटीचा लांबचा प्रवास ते टाळू लागले. दोन तासांच्या बैठकीत मधूनच उठून जाऊ लागले. हिवाळी शिबिराला यंदा येणे जमणार नाही, असा निरोप गेला. सहकाऱ्यांना वाटले, वयोमानानुसार मन निवृत्त झाले असावे. खरे कारण इतकेच होते की बसमध्ये किंवा बैठकीत लघवीची घाई झाली तर काय करायचे, या चिंतेने त्यांचे जग आक्रसत चालले होते.

घरात पत्नी म्हणत, "अहो, आज पुन्हा पाच वेळा उठलात. एकदा डॉक्टरांना दाखवून या ना."

"वयाचं आहे ते. आमचे अण्णासुद्धा असेच उठायचे," एवढ्यावर विषय संपे.

अण्णांना शेवटच्या वर्षी काय सोसावे लागले होते, हे त्या माउलीला आठवत असे. पण ती बोलत नसे. पुढे मुख्याध्यापक पहाटे सर्वांच्या आधी उठून चादर स्वतःच धुऊन वाळत घालू लागले. रात्री नकळत अंथरूण ओले होत होते. हे लक्षण अतिशय गंभीर असते. मूत्राशय पूर्ण भरून ओसंडू लागला की असे होते; आणि त्यात दुखत नसल्यामुळे माणूस फसतो. पावलांवर सूज आली तेव्हा मुलाने त्यांना जवळजवळ ओढूनच मूत्रविकारतज्ज्ञाकडे नेले. सोनोग्राफीत ग्रंथी ८५ ग्रॅमची निघाली. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात ६०० मिलिलिटर मूत्र शिल्लक होते. दोन्ही मूत्रपिंडांना सूज होती आणि रक्तातील क्रिएटिनिन २.६ होते. निरोगी माणसात ते साधारण १.२ च्या आत असते.

वयाचे म्हणून ज्याकडे दुर्लक्ष झाले, त्याने मूत्रपिंडांपर्यंत मजल मारली होती.

सात प्रश्न, पाच तपासण्या

या विकाराची तीव्रता मोजण्यासाठी जगभरात सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरली जाते. लघवी झाल्यावरही मूत्राशय रिकामा झाला नाही असे वाटते का? दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते का? धार मधूनच थांबून पुन्हा सुरू होते का? घाई झाली की थोपवणे कठीण जाते का? धार बारीक झाली आहे का? सुरू होण्यासाठी जोर करावा लागतो का? रात्री किती वेळा उठावे लागते? गेल्या महिन्याभराचा अनुभव आठवून प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण द्यायचे. एकूण सातपर्यंत गुण असतील तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस असतील तर मध्यम आणि वीस वा अधिक असतील तर तीव्र. आठवा प्रश्न गुणांत धरला जात नाही, पण निर्णयाच्या दृष्टीने तोच मोलाचा आहे : उरलेले सारे आयुष्य असेच काढावे लागले, तर चालेल का?

रात्री उठावे लागते म्हणजे दोष प्रोस्टेटचाच, असेही नाही. मधुमेह, हृदयाची दुर्बलता, पायांवरची सूज, झोपण्यापूर्वीचा चहा ही कारणेही असतात. म्हणून डॉक्टर पुढील तपासण्या सांगतात : लघवीची तपासणी, रक्तातील साखर व क्रिएटिनिन, शिल्लक मूत्र मोजणारी सोनोग्राफी, धारेचा वेग मोजणारी चाचणी आणि पीएसए. धारेचा कमाल वेग सेकंदाला १५ मिलिलिटरहून अधिक असेल तर सहसा ठीक. १० च्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच, असा अर्थ काढू नये. साधी वाढ, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी यांमुळेही ते वाढते. याशिवाय तज्ज्ञ गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी टाळण्यासाठी लोक अनेक महिने दवाखाना टाळतात. ग्रंथीवरील कठीण गाठ मात्र अनेकदा त्या बोटालाच प्रथम कळते.

औषध पुरे की शस्त्रक्रिया हवी?

त्रास सौम्य असेल तर सवयी बदलणे व लक्ष ठेवणे पुरेसे असते. संध्याकाळी सातनंतर पाणी कमी, चहा-कॉफीवर ताबा, बद्धकोष्ठता होऊ न देणे, बाहेर पडण्यापूर्वी लघवीला जाऊन येणे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतील नाक मोकळे करणारी द्रव्ये मूत्राशयाचे तोंड आवळतात. थंडीच्या दिवसांत यात्रेला निघालेल्या ज्येष्ठांची लघवी अशा एखाद्या गोळीने अकस्मात तुंबू शकते. ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

मध्यम त्रासात औषधांचा चांगला उपयोग होतो. टॅमसुलोसिनसारखी औषधे ग्रंथीतील व मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात. गुण काही दिवसांत येतो, पण ग्रंथी लहान होत नाही. उठताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे औषध घेत असल्याचे नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण त्याने डोळ्यातील बाहुलीचा पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी ढिला पडतो. फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ही दुसऱ्या प्रकारची औषधे ग्रंथी साधारण चतुर्थांशाने आक्रसवतात. पण त्यासाठी सहा महिने धीर धरावा लागतो. ती घेताना पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो, हे ध्यानात न घेतल्यास फसगत होते.

शस्त्रक्रिया केव्हा टाळू नये, याविषयी मात्र वैद्यकशास्त्रात फारसा मतभेद नाही. लघवी तुंबून नळी घालावी लागली आणि नळी काढल्यावर पुन्हा तुंबली. वारंवार जंतुसंसर्ग होऊ लागला. ग्रंथीमुळे पुन्हा पुन्हा रक्त जाऊ लागले. मूत्राशयात खडा झाला. किंवा मूत्रपिंडांवर परिणाम झाला, तर थांबण्यात शहाणपण नाही. औषधे घेऊनही जगणे त्रासाचे झाले असेल, किंवा औषधे सोसत नसतील, तर तेही पुरेसे कारण आहे. मुख्याध्यापकांच्या बाबतीत निवडीला वाव उरला नव्हता.

सुश्रुतापासून लेझरपर्यंत

मूत्रविकारांचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांपैकी अष्ठीला या प्रकाराचे वर्णन आजच्या प्रोस्टेटवाढीशी जुळते, असे आयुर्वेदाचे अभ्यासक मानतात. त्याहून मननीय आहे तो चिकित्सास्थानातील मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचा विचार. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यशाविषयी संशय, अशा स्थितीत वैद्याने आधी अधिपतीची अनुज्ञा घ्यावी आणि मगच शस्त्र हाती धरावे, असे सुश्रुत सांगतात. धोका लपवू नये, संमतीवाचून हात लावू नये, हा आजच्या रुग्णालयातील संमतिपत्राचा गाभा त्यात दिसतो. रुग्णानेही ते पत्र डोळे मिटून सही करण्याचा कागद समजू नये.

आधुनिक काळात पोट उघडून ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ करण्यात पीटर फ्रेयर या शल्यविशारदाचा मोठा वाटा होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दोन दशके उत्तर भारतात राहून, मूतखड्यांच्या असंख्य रुग्णांवर उपचार करून त्याने हात कमावला आणि १९०० मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे १९२० व ३० च्या दशकांत मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने ग्रंथी खरवडण्याचे तंत्र विकसित झाले. टीयूआरपी या नावाने ते आजही जगभर प्रचलित आहे.

लेझरच्या इतिहासात तर महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९६० साली थिओडोर मायमन याने पहिला लेझर सिद्ध केला. त्यानंतर चारच वर्षांत कार्बन डायऑक्साइड लेझर निर्माण करणारे डॉ. कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. शस्त्रासारखा कापणारा लेझर म्हणून त्यांच्या शोधाने शल्यविद्येत स्थान मिळवले. काचेच्या तंतूंतून प्रकाश वाकवून नेता येतो हे १९५४ मध्ये लंडनमध्ये दाखवणाऱ्यांत पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते. प्रोस्टेटसाठी वापरला जाणारा लेझर वेगळ्या जातीचा असला, तरी केसासारख्या तंतूतून तो ग्रंथीपर्यंत पोचतो तो याच तत्त्वाने.

तीन पद्धती, तीन उपमा

घरगुती भाषेत सांगायचे तर टीयूआरपी म्हणजे नारळ खवणे. विजेच्या तारेने ग्रंथीचा आतला भाग कीस काढल्याप्रमाणे काढला जातो. मध्यम आकाराच्या ग्रंथीसाठी ही पद्धत आजही उत्तम आहे आणि लेझर उपलब्ध नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही.

दुसरी पद्धत हिरव्या प्रकाशाच्या लेझरची. हा प्रकाश रक्तातील लाल द्रव्यात शोषला जातो. त्यामुळे ग्रंथीचा भाग वाफ होऊन नाहीसा होतो व रक्तस्राव अल्प होतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे ज्यांना थांबवता येत नाहीत, त्यांना ही पद्धत उपकारक ठरते. उणीव अशी की सारेच वाफ झाल्याने तपासणीसाठी तुकडा उरत नाही.

तिसरी पद्धत होल्मियम लेझरने ग्रंथी सोडवण्याची. न्यूझीलंडमधील पीटर गिलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ती विकसित केली. नागपुरी संत्र्याची साल जागच्या जागी ठेवून आतील फोडी सोडवून घ्याव्यात, तशी ही क्रिया असते. सोडवलेल्या फोडी मूत्राशयात ढकलून, तेथे बारीक करून बाहेर ओढून घेतात. हा लेझर पाण्यात शोषला जातो व अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल जातो. म्हणून आसपासच्या भागाला इजा कमी. पोट उघडण्यावाचून गत्यंतर नाही असे जिथे पूर्वी वाटे, अशा शंभर ग्रॅमहून मोठ्या ग्रंथीही यातून काढता येतात. सारा भाग तपासणीसाठी मिळतो आणि ग्रंथी पुन्हा वाढून दुसरी शस्त्रक्रिया लागण्याचा संभव फार कमी असतो. आता थुलियम लेझरनेही हीच क्रिया केली जाते.

मात्र लेझर हा शब्द म्हणजे जादू नव्हे. या तंत्रात हात बसण्यास सर्जनला अनेक शस्त्रक्रियांचा सराव लागतो. रुग्णालयाच्या जाहिरातीत यंत्राचे छायाचित्र असते. यंत्र चालवणाऱ्या हाताचा अनुभव विचारूनच घ्यावा लागतो. 'आपण ही शस्त्रक्रिया किती वेळा केली आहे? माझ्या आकाराच्या ग्रंथीसाठी हीच पद्धत का?' हे प्रश्न नम्रपणे विचारण्यात अनादर नाही. चांगला सर्जन त्यांचे स्वागतच करतो.

मनातल्या भीती

पहिली भीती कर्करोगाची. १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांना प्रोस्टेटचा अकस्मात त्रास झाला, शस्त्रक्रिया झाली आणि त्याच आजारपणात त्यांनी पदाचा राजीनामा दिला. वाढ कर्करोगाची नव्हती; त्यानंतर ते तेवीस वर्षे जगले आणि ९२ व्या वर्षी निवर्तले. उलट फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६४ मध्ये याच ग्रंथीची शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुन्हा कामाला लागले. आजार तोच, पुढचा मार्ग मात्र माणसाने त्याकडे कसे पाहिले त्यावर बदलतो.

दुसरी भीती पुरुषत्वाची. ती ओठांवर येत नाही, पण मनात घर करून असते. वस्तुस्थिती अशी की या शस्त्रक्रियेने शिस्नाच्या ताठरतेवर बहुतेकांत परिणाम होत नाही. जो बदल होतो तो असा : शस्त्रक्रिया झालेल्या बहुसंख्य पुरुषांत वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते व पुढे लघवीवाटे निघून जाते. त्याने अपाय होत नाही. परंतु ही गोष्ट पती-पत्नी दोघांनाही आधी ठाऊक असावी. नंतर कळली तर उगाच घोर लागतो.

तिसरी भीती लघवीवरचा ताबा जाण्याची. लेझरने ग्रंथी सोडवल्यानंतर पहिले काही आठवडे खोकताना, उठताना थेंब गळणे अनेकांना अनुभवास येते. बहुतेकांत ते तीन ते सहा महिन्यांत थांबते. कायम राहण्याचे प्रमाण अगदी थोडे. मूत्रमार्ग आक्रसणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोकेही थोड्या रुग्णांत संभवतात.

चौथी चिंता खर्चाची. ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाखांपर्यंतचे संरक्षण २०२४ पासून देण्यात आले. कोणत्या रुग्णालयात कोणती पद्धत योजनेत बसते, हे दाखल होण्यापूर्वी तेथील योजना-कक्षात विचारावे. खासगी विम्याच्या अनेक पॉलिसींत या विकारासाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. तो कागद घरात कोणीतरी आधीच वाचून ठेवावा.

शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस

मुख्याध्यापकांना लगेच टेबलावर घेतले गेले नाही. आधी नळी घालून मूत्राशय रिकामा करण्यात आला, तीन आठवडे मूत्रपिंडांना विसावा मिळाला आणि क्रिएटिनिन १.५ वर आले. लघवीतील जंतुसंसर्ग औषधाने दूर केला गेला. हृदयासाठी ते घेत असलेल्या ॲस्पिरिनविषयी हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेतले गेले. रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे हे शस्त्रक्रियेपेक्षाही घातक ठरू शकते, विशेषतः हृदयात स्टेंट बसवलेल्यांना. ओटीपोटातील तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायामही आधीच सुरू झाला. मूलबंधाचा अभ्यास असणाऱ्यांना तो चटकन साधतो.

कंबरेत इंजेक्शन देऊन शरीराचा खालचा भाग बधिर केला जातो. शस्त्रक्रिया साधारण तासा-दोन तासांची. नंतर नळीतून मूत्राशय सतत धुतला जातो. पिशवीतील पाणी गुलाबी दिसले तर घाबरू नये. नळीच्या फुग्यामुळे लघवीला जायचेच आहे असे वाटत राहते. जोर करू नये, ती भावना ओसरते. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांची नळी निघाली. धार पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पंधरा वर्षांत अशी धार त्यांनी पाहिली नव्हती.

पण पुढचे सहा आठवडे हीच खरी कसोटी असते. पहिले काही दिवस जळजळ होते, घाई वाढल्यासारखी वाटते. उपयोग झालाच नाही असे वाटून माणूस खचतो. अडथळ्याशी अनेक वर्षे झुंजलेला मूत्राशय शांत व्हायला वेळ घेतो. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी घ्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. शौचाला जोर करू नये. इसबगोल, फळे, पालेभाज्या आहारात असाव्यात. उकिडवे बसून कुंथण्यापेक्षा काही दिवस कमोड वापरावा. चालणे पहिल्या दिवसापासून हितकर. परंतु सायकल, स्कूटर, सूर्यनमस्कार, जड उचलणे आणि शरीरसंबंध हे साधारण चार ते सहा आठवडे वर्ज्य, आणि पुन्हा सुरू करताना सर्जनची अनुमती घ्यावी.

बाराव्या दिवशी मुख्याध्यापकांनी बरे वाटते म्हणून पाण्याची भरलेली बादली उचलली आणि सायंकाळी लघवी लाल झाली. आतील खपली सुटण्याचा काळ दहा ते चौदा दिवसांचा असतो. विश्रांती आणि भरपूर पाणी एवढ्याने दोन दिवसांत रंग निवळला. मात्र गाठी पडू लागल्या, लघवी अडली, थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

गळणारे थेंब हा सर्वांत मानहानीचा भाग. पहिले पाच आठवडे त्यांना पॅड वापरावा लागला. त्यांनी पुन्हा एकदा स्वतःला घरात कोंडून घेतले असते. पण या वेळी पत्नीने ऐकले नाही. "लपवून काय मिळालं ते पाहिलंत ना? चला, देवळापर्यंत जाऊन येऊ," असे म्हणून ती रोज त्यांना बाहेर काढी. व्यायाम नेमाने चालू राहिला. तिसऱ्या महिन्यात पॅड सुटला.

शस्त्रक्रियेत निघालेल्या भागाचा सूक्ष्मदर्शकीय अहवाल हाती घेतल्यावाचून प्रकरण संपले असे मानू नये. त्यांच्या अहवालात कर्करोग नव्हता. तरीही ग्रंथीची बाहेरची साल शरीरात राहतेच. म्हणून पुढेही ठराविक काळाने तपासणी लागते. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांचे क्रिएटिनिन १.४ वर येऊन थांबले. त्याखाली ते आले नाही. उशिराच्या त्या वर्षांत मूत्रपिंडांनी जे गमावले, त्यातले काही कायमचे गेले. आता मीठ बेताचे, वेदनाशामक गोळ्या वर्ज्य, सहा महिन्यांनी रक्ततपासणी, हा नेम त्यांना जन्मभर पाळावा लागेल. चौथ्या महिन्यात मात्र ते एसटीने तालुक्याच्या बैठकीला गेले आणि बैठक संपेपर्यंत जागेवरून उठले नाहीत.

सहकाऱ्यांचे कर्तव्य

कार्यकर्ता बैठकीला येईनासा झाला की त्याच्या निष्ठेची चर्चा होते. प्रकृतीची विचारपूस मागाहून होते. हा क्रम उलटा व्हावयास हवा. ज्येष्ठ सहकारी प्रवास टाळू लागले, पाणी पिणे कमी करू लागले, कार्यक्रमात दाराजवळची जागा शोधू लागले, तर एखाद्या समवयस्काने त्यांना बाजूला घेऊन विचारावे. कार्यक्रम ठरवताना दर दीड तासाने विराम आणि जवळ स्वच्छ प्रसाधनगृह एवढी व्यवस्था केली, तरी कितीतरी अनुभवी माणसे पुन्हा येऊ लागतील. घरातील सुना-मुलांनी रात्रीच्या दिव्याची उघडझाप ऐकून न ऐकल्यासारखे करू नये. आणि ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी ती सांगावी, कारण एका अनुभवी माणसाचे दोन शब्द माहितीपत्रकापेक्षा अधिक धीर देतात.

सभागृहाच्या दाराशी सात प्रश्नांचे कागद ठेवले आहेत. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक बंधूने जाताना एक कागद न्यावा, आजच रात्री प्रामाणिकपणे गुण भरावेत आणि बेरीज आठ वा अधिक आली तर याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी. कागद भरताना पत्नीला शेजारी बसवावे. रात्री किती वेळा उठणे होते, याचा खरा आकडा बहुधा तिलाच ठाऊक असतो.